काकूंच्या दुलईचं काय झालं

प्रिय चिमे,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि चार महिने माझ्याकडून एक ओळ नाही. वेळ मिळाला नाही असं लिहीत नाही, तुला ते पटणारही नाही. तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, एवढंच. लिहिलं नाही, कारण काकूंच्या दुलईचं काय झालं ते तुला सांगायचा धीर होत नव्हता.

दुलई पाठवताना तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, कपाटात पडून राहण्यापेक्षा एखाद्या मुक्या जिवाच्या अंगाखाली जाऊ दे. तरी तीन आठवडे मी ती नुसती उलगडायचे, हात फिरवायचे आणि परत घडी घालायचे. मग ऐन थंडीत आमच्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये एकदम पिल्लं आली, आईवेगळी, काहींचे डोळेसुद्धा उघडलेले नव्हते. एवढ्याशा पिल्लाला पहिल्या आठवड्यात स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. भोवती 30 अंशांच्या आसपास ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचतसुद्धा नाही. आधी ऊब, मग दूध, हे तिथल्या मुली नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात. आणि खाली पिंजऱ्याचा स्टीलचा पत्रा, आहे तेवढी ऊबही ओढून घेणारा. त्या संध्याकाळी मी कात्री घेतली.

गाद्यांसाठी 12 बाय 18 इंचांचे सहा तुकडे केले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसतं आणि धुवून लवकर वाळतं, म्हणून आम्ही हेच माप धरतो. कडा दुमडून मशीनवर दुहेरी टीप मारली. मधले काकूंच्या हातचे धावदोरे तसेच ठेवले. इतके एकसारखे टाके गं, मोडवेनात.

तिथेच चुकलं. अख्ख्या दुलईत प्रत्येक ओळीचा दोरा दोन्ही टोकांना गाठीने धरलेला असतो. मी मधून कापलं आणि गाठी गेल्या. कडेची टीप धरून ठेवेल असं मला वाटलं. पण टीप दोऱ्यावरून गेली तरच धरते, शेजारून गेली तर दोरा मोकळाच. आपण इतकी वर्षं शिवणकाम केलेल्या बायका, हे मला सुचू नये? दोन-तीन धुण्यांत दोरे सैल झाले, एके ठिकाणी वर फासा आला, आणि त्या गादीवर होतं एक करडं पिल्लू. तीनेक महिन्यांचं, दिसेल त्याच्याशी खेळणारं.

मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. दोन दिवस पिल्लू ओकत होतं, खाणं बंद. डॉक्टरांनी तोंड उघडून जिभेखाली पाहिलं तर दोऱ्याचा वेढा बसलेला. शेजारी उभ्या मुलीने तो ओढायला हात पुढे केला, तर डॉक्टरांनी तिचं मनगटच धरलं. मला म्हणाले, "तुम्ही शिवता ना? झालर करताना एक टोक अडकवून दोरा ओढला की कापडाच्या चुण्या पडतात. आत आतड्याचं तेच झालंय. बाहेरून ओढलं तर दोरा आतडं कापत जाईल." चिमे, झालरी तर मी शेकड्यांनी केल्या असतील. त्या दिवसापासून एकही केलेली नाही.

ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसून होते. नंतर त्यांनी एका वाटीत तो दोरा दाखवला. काकूंचाच, जाड, पिवळा. माझ्या वितीएवढा असेल.

पिल्लू वाचलं. आता एका घरी गेलंय, पडद्यांवर चढतं म्हणे. जनावर दत्तक गेलं की त्याची गादीही सोबत देतात, नव्या जागी ओळखीचा वास असला की ते कमी बुजतं. याच्यासोबत मी नवी, मशीनच्या टिपांची दिली.

बाकीच्या पाच गाद्या त्याच दिवशी परत आणल्या. आणि तेव्हा आपलं ते भांडण आठवलं. तू म्हणायचीस, दर वितीला एक उलटा टाका घालून दोरा पक्का कर. मी म्हणायचे, त्याने ओळ मोडते. त्यावरून आठ दिवस अबोला, आणि मध्ये बिचाऱ्या शिवणाच्या बाई दोघींचे निरोप इकडून तिकडे नेत होत्या. तुझंच बरोबर होतं, हे आज लिहून देते. माझ्या कापडाच्या कात्रीने तू पुठ्ठा कापलास, ते मात्र यात वळतं करून घेऊ नकोस. तो खटला अजून चालू आहे.

आता शिवते ते असं: वर-खाली सुती कापड, आधी धुवून आटवलेलं. मध्ये पॉलिस्टरचा पातळ थर, जाड घातला तर आतून वाळत नाही. आडव्या-उभ्या टिपा तीन-तीन इंचांवर, म्हणजे धुताना आतला थर गोळा होत नाही, आणि प्रत्येक टिपेच्या दोन्ही टोकांना उलटी टीप. बटण नाही, गोंडा नाही, लेस नाही. सुरू करताना 20 टाचण्या मोजून घेते आणि उठताना 20 मोजून ठेवते. तू टाचण्या ओठांत धरून बोलायचीस ते आठवून अजून अंगावर काटा येतो.

तुझं नवं घर कसं आहे? धाकट्याची परीक्षा झाली का? दादाचा राग उतरला असेल तर त्याला माझा निरोप सांग. सगळं सविस्तर लिही, मी या वेळी लगेच उत्तर देईन.

पण आधी हे ऐक. दुलईचा निम्मा भाग अजून माझ्याकडे आहे. गेले पंधरा दिवस मी त्यातले धावदोरे एकेक करून उसवतेय. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काकूंनी दुहेरी गाठ मारून ती थराच्या आत ढकललेली आहे, बाहेरून हाताला लागतसुद्धा नाही. सगळा दोरा एका रिळावर गुंडाळून ठेवलाय. दोरे निघाल्यावर थर सुटे झाले, आणि मधल्या थरात काय निघावं? तुझा लाल ठिपक्यांचा फ्रॉक. आपण दोघी आळीपाळीने घालायचो तोच. खिशाची शिवण अजून तशीच आहे.

या कापडातून आणखी आठ गाद्या सहज होतील. थंडीत पुन्हा पिल्लं येतीलच. मोठ्या म्हाताऱ्या कुत्र्यांची कोपरं फरशीवर पडून पडून सोलवटतात, त्यांनाही हव्या आहेत. पण मी मशीन चालवली की त्यात काकूंचा एकही टाका उरणार नाही. तू "जाऊ दे" लिहिलंस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं, म्हणून पुन्हा विचारते. नको म्हणालीस तर सगळं परत पाठवते, मनात काही ठेवणार नाही.

फ्रॉक मी वेगळा काढलाय. रीळही.

तुझीच,
बाळी