गणेशखिंडीतल्या मनोऱ्यामागचे आकाश

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० साली पाडला, तेव्हापासून त्या चौकाविषयी वर्तमानपत्रांत सतत काही ना काही छापून येते. खांब, वळणे, कोंडी. ते यायलाच हवे. पण चौकातून आत वळल्यावर गणेशखिंडीतली विद्यापीठाची जी मुख्य इमारत भेटते, तिच्याविषयी बोलताना आपण सगळेच २२ जून १८९७ च्या रात्रीपाशी थांबतो. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव इथे साजरा झाला आणि परतीच्या वाटेवर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शाळकरी पोरही सांगेल. रँड आणि आयर्स्ट ज्या घरातून निघाले, ते घर तसे का बांधले गेले याची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही.

आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम. थंडी मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी आणि पाऊस पुण्यात, असा त्यांचा थाट होता. सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ साली जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार काम सुरू झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला अचाट भाव मिळत होता, पैसा खेळत होता. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र रेटत नेले आणि १८७१ मध्ये ते पुरे झाले. तोवर फ्रियर मायदेशी गेलेही होते. या उधळपट्टीवर टीका झाली ती रास्तच होती. आज तिथे विद्यापीठ आहे म्हणून ती विसरण्याचे कारण नाही.

इमारतीचा नमुना इंग्लंडमधला. आइल ऑफ वाइट या बेटावर व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स आल्बर्ट याने थॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून १८४५ ते १८५१ या काळात ऑस्बर्न हाउस उभारले. समोरची खाडी पाहून आल्बर्टला नेपल्सचा समुद्र आठवायचा, म्हणून घरही इटालियन वळणाचे केले. उतरत्या छपरांचा माज नाही, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, ओळीने कमानी असलेल्या ओसऱ्या आणि या सगळ्यातून वर गेलेला चौकोनी मनोरा. ही तऱ्हा इतकी गाजली की मेलबर्नच्या गव्हर्नमेंट हाउसनेही तिचाच कित्ता गिरवला. ते १८७६ साली पूर्ण झाले, म्हणजे पुण्यानंतर.

आता माझे मत सांगतो. पुण्यातली प्रतिकृती मला मुळापेक्षा सरस वाटते आणि त्याचे श्रेय आपल्या दगडाला आहे. ऑस्बर्नच्या विटांवर सिमेंटचा गिलावा आहे, तोही खऱ्या दगडाचा आभास व्हावा असा दिलेला. गणेशखिंडीत स्थानिक काळाकरडा बेसाल्ट लागला. हा दगड पाथरवटाची परीक्षा पाहतो, नाजूक कलाकुसर त्यात सहजी उमटत नाही. टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतल्या इमारतीला हे अडचणीचे, कारण तिची सारी मिजास कोरीव कामावर. इटालियन वळणाची भिस्त भिंतींच्या वजनावर, कमानींच्या लयीवर आणि सावलीवर असते. तिला हा दगड मानवला. शिवाय कमानींच्या ओसऱ्या इंग्लंडच्या फिकट उन्हात शोभेपुरत्याच. पुण्यात त्यांना खरे काम मिळाले, चैत्रातले ऊन आणि आषाढातली झड दोन्ही अडवण्याचे.

मनोऱ्याकडे मात्र वेगळ्या नजरेने बघायला हवे. इमारत दक्षिणोत्तर लांबलचक पसरलेली आहे. उत्तरेकडे समारंभाची दालने, दक्षिणेकडे गव्हर्नरांची खासगी बाजू आणि दोन्हींमध्ये ऐंशी फुटांचा मनोरा. तो नसता तर दोन मजली लांबच लांब कचेरी उरली असती. आडव्या रेषेला उभ्या रेषेने तोलणे, एवढेच त्याचे काम. आणि ते साधते कधी, तर मागे आकाश मोकळे असेल तेव्हाच. ऐंशी फूट म्हणजे आजच्या हिशेबाने सात-आठ मजले. औंध-बाणेरच्या बाजूला त्याहून ठेंगणी नवी इमारत शोधावी लागेल. मनोऱ्याच्या मागे असा एक टॉवर उगवला की ट्रबशॉचा तोल गेलाच समजा. मुख्य इमारतीच्या एकाही दगडाला हात न लावता तिची नासाडी करता येते, ती अशी. आपले वारसाजतन मात्र गिलावा आणि रंगापाशीच अडकते.

लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट ठरावीक ठिकाणांवरून दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून आसपासच्या उंचीवर बंधने आहेत. तिथल्या जमिनीचे भाव पुण्याहून कमी नाहीत! महापालिकेने आणि विद्यापीठाने मिळून समोरच्या हिरवळीवरच्या दोन-तीन जागा निश्चित कराव्यात आणि तिथून पाहताना मनोऱ्याच्या पाठीशी काही येणार नाही, अशा बेताने आवाराबाहेरचीही उंची ठरवून द्यावी. चारशेहून अधिक एकरांच्या आवारात विद्यापीठाने स्वतः काय आणि कुठे बांधायचे, यालाही तीच अट लागू व्हावी.

आणखी एक छोटी मागणी. इमारतीत एका भिंतीवर तिच्या दर्शनी भागाचे मोजमापांसह रेखाटन लावावे आणि शेजारी ऑस्बर्नचे छायाचित्र. जमल्यास ऑस्बर्नच्या दरबार दालनाचेही, कारण १८९०-९१ मध्ये तिथली भारतीय धाटणीची सजावट लाहोरच्या भाई राम सिंग यांनी केली होती. महिन्यातून एका रविवारी हे पाहायला सामान्य पुणेकरांना आत सोडावे.

आपला,
एक माजी विद्यार्थी, औंध, पुणे