मित्रास पत्र : मुलाला शिबिराला पाठवण्याआधी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चिरंजीवांना आमच्या उन्हाळी शिबिराला पाठवू का, आणि पाठवलं तर तिथे त्याला नेमकं काय शिकवणार, असं तू विचारलंयस. वहिनींची काळजीही तू आडपडदा न ठेवता लिहिलीस, ते बरं केलंस. घरात पाण्याचा पेलाही तो हातानं घेत नाही, खेळात हरला की दोन दिवस तोंड फुगवून बसतो, मोबाईल काढून घेतला तर जेवणावर राग काढतो. तेरा वर्षांच्या मुलांत हे आता सर्रास दिसतं. मी प्राथमिक शाळेत जन्म काढला आहे आणि सुट्टीत हे शिबिर सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, आमच्याकडे संस्कारांचा असा वेगळा तास नाही. पाहुणे येतात, भाषण करतात, मुलं टाळ्या वाजवतात, हे आम्ही बंद केलं. 'खरं बोलावं, मोठ्यांचा मान राखावा' हे दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. विचारलंस तर घडाघडा म्हणून दाखवेल. ज्या कामावर दुसऱ्या कुणाचं काही अवलंबून आहे, असं काम मात्र त्याच्या वाट्याला कधी आलेलं नसतं. आपल्या घरांत मुलगे तर जास्तच कोरडे राहतात. बहीण ताट उचलते, आई पाणी आणून देते, आणि मुलगा 'अभ्यास करतोय' म्हणून सुटतो. शिबिरात मी पहिली घाई करतो ती हे सुटणं थांबवायची.

एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आम्ही उतरतो. कौलारू लांबलचक खोल्या, पुढे सोपा, मागे विहीर आणि त्यापलीकडे उतारावर कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. सहा-सहा, सात-सात मुलांचे गट करतो आणि प्रत्येक गटाचा नायक मुलांतलाच. ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. १९०७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांना घेऊन प्रयोग म्हणून शिबिर भरवलं, तेव्हा बड्या शाळांतली आणि कामकरी घरांतली मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र आणली, चार गट पाडले आणि गटाची जबाबदारी मुलांवरच टाकली. स्काउट चळवळ त्यातून उभी राहिली. इतकी वर्षं झाली तरी त्यातली खुबी जुनी झालेली नाही, असं मला मनापासून वाटतं. लहान गट, खरं काम, आणि मोठ्या माणसानं चार पावलं मागे उभं राहणं. हे मागे उभं राहणं सगळ्यांत अवघड. पुष्कळ पालकांना ते जमत नाही, शिक्षकांना तर त्याहून कमी जमतं.

सकाळची पेज कशी होते ते सांगतो, म्हणजे ध्यानात येईल. पाळी ज्या गटाची, त्यानं उजाडायच्या आत चूल पेटवायची. यंदा पणजीच्या फ्लॅटमध्ये वाढलेला एक मुलगा चुलीपुढे बसला. त्यानं एकदम जाडी लाकडं कोंबली, काडीमागून काडी ओढली, नुसता धूर. डोळे लाल, नाक गळतंय. त्याचा गटनायक सत्तरी तालुक्यातल्या एका खेड्यातला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा, वाचताना अजून अडखळणारा. तो काही बोलला नाही. लाकडं बाहेर ओढली, खाली सुकं चुडत, म्हणजे माडाची वाळलेली झावळी, ठेवलं, त्यावर नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) मोकळी करून पसरली, चुडत पेटवलं आणि फुंकणी त्या मुलाच्या हातात दिली. 'आता तू फुंक,' एवढंच. जाळ धरला तेव्हा त्या दोघांचे चेहरे तू पाहायला हवे होतेस! पुढे मात्र पेज लागली. उकडा तांदूळ सुरय म्हणजे साध्या, न उकडलेल्या तांदळासारखा पटकन शिजत नाही, त्याला वेळ आणि पाणी दोन्ही लागतं. ही मुलं गप्पांत रमली आणि तळाशी करपलं. आम्हाला वास आला होता, पण आम्ही कुणी स्वयंपाकघरात गेलो नाही. सगळ्या शिबिरानं ती करपट पेज खारातल्या तोरांबरोबर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्यांबरोबर, खाल्ली. कुणी नाकं मुरडली, पण उपाशी कुणी राहिलं नाही. त्या गटाला कुणी शिक्षा केली नाही, दोन शब्दही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांची पाळी आली तेव्हा एक जण डाव घेऊन भांड्यापाशी बसून होता, हलायला तयार नव्हता.

भांडणं होतात, ती व्हायचीच. व्हॉलीबॉलवरून दोघे हातघाईवर आले, तर त्या दोघांना विहिरीवरून पाण्याचा हंडा आणायला लावतो. बांबूच्या मधोमध हंडा टांगायचा, दोन टोकं दोघांच्या खांद्यांवर. पावलं जुळली नाहीत की पाणी पायांवर. पहिली खेप अर्धी सांडते, तिसऱ्या खेपेला दोघं हळू आवाजात पावलं मोजत येतात. 'आता हात मिळवा' असं मी कधी सांगत नाही. उठाबशा, कान धरणं, ओरडणं यांना इथे थारा नाही. आणि 'उत्कृष्ट शिबिरार्थी' असलं बक्षीसही नाही, कारण ते ठेवलं की मुलं आमच्यासमोर चांगली वागायला लागतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात मागे उभा राहत नाही. आपल्या गोव्यात चिऱ्यांच्या टाकून दिलेल्या खाणी पाण्यानं भरलेल्या असतात. वरून शांत, कडा सरळ तुटलेल्या, खोली कळत नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरचा मुलगा अशा पाण्यात जातो. आम्ही फक्त झरीवर नेतो, तेही जोडीनं. शिटी झाली की प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीदार दिसत नसेल तर पोरगं जिवाच्या आकांतानं ओरडतं. दुसऱ्याचा जीव आपल्या नजरेत आहे, हे त्याच्या अंगात तिथे भिनतं. एरवी लहान भावाकडेही बघायला नको म्हणणारी मुलं झरीवर जोडीदारावरची नजर हलवत नाहीत.

आता यंदाची एक गोष्ट, जी सांगायला मी अधीर आहे. अग्रशाळेच्या शेजारी एक काकी एकट्याच राहतात. मे महिन्यात त्यांच्या अंगणभर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं. मुलांनी चार दिवस त्यांना मदत केली. फळं फोडायची, गर काढायचा, साली उन्हात वाळवायच्या, त्याच रसात मीठ घालून पुन्हा भिजवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. त्यानंतर दुपारी मुलं पंगतीत बसलेली, पहिला घास तोंडात, आणि वळवाची सर आली. मी ताटावरून मान वर करेपर्यंत एक मुलगा उठून पळत सुटलासुद्धा. 'काकींची सोलं!' त्याच्यामागे दुसरा, मग सगळी पंगत. उष्ट्या हातांनी कुणी सूप धरलं, कुणी जुन्या साडीची चार टोकं एकत्र केली. काकी दारात येईपर्यंत सोलं ओसरीवर होती आणि पोरं ओलीचिंब. हा पहिला पळालेला कोण, ठाऊक आहे? आल्या दिवशी ताट तिथेच टाकून उठला होता, तो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतंय का हेही त्यानं पाहिलं नव्हतं. मला यापेक्षा जास्त काही नको.

घरची आठवण येणार, त्याची तयारी ठेव. पहिली रात्र नवलाईत निघते, दुसरी जड जाते. मुलगे उशीत तोंड खुपसून रडतात, कारण 'मुलगा असून रडतोस?' हे ऐकत मोठे झालेले असतात. इथे कुणी ते वाक्य म्हणू नये, असा कडक नियम आहे. शेजारी गटनायक झोपतो, तो उठून नुसता जवळ बसतो. अशा वेळी तुमचा फोन आला तर सगळं मुसळ केरात. म्हणून फोन नाहीत, पोस्टकार्डं आहेत. त्याचं कार्ड रडकं आलं तरी घाबरू नका, कारण ते हातात पडेपर्यंत तो कुळागरात नारळ पाडणाऱ्या पाडेलीबरोबर हिंडत असेल.

एक मात्र तुला स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. आठ-दहा दिवसांत मुलगा बदलून देतो, असं मी कुणालाही सांगत नाही. घरी परत गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी ताट उचललं तर महिन्याभरात तो पूर्ववत होईल, अशी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. ज्यांच्या घरी आल्याबरोबर एक काम कायमचं त्याच्याकडे दिलं गेलं, त्यांचं टिकलं. काम खरं हवं. त्यानं पाणी भरलं नाही तर त्या दिवशी घरात पाणी नसायला हवं, आणि ते तुम्ही दोघांनी सोसायला हवं. तुझी तयारी असेल तर पाठव.

सामान थोडंच दे. बॅटरी, जुने बूट, दोन जाड चादरी, रोजची औषधं असतील तर ती चिठ्ठीसह. खाऊचा डबा नको, किंवा दिलास तर सगळ्यांना पुरेल इतका. कोकण रेल्वेनं येणार असाल तर करमळीला उतरा, मी न्यायला येतो. आणि त्याला पोहता येतं की नाही, पूर्वी कधी फिट वगैरे आली होती का, हे दोन्ही आधी कळव. जोड्या मी त्यावरून लावतो.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र