आठ मिलिमीटरचं पाऊल!

मा. संपादक,
स. न.

मुंबईचे शास्त्रज्ञ रूप मलिक यांच्या संशोधनावरची कालच्या अंकातली 'रक्तातली चरबी आता उतरणार!' ही बातमी वाचली. त्यात कायनेसिन या 'मोटार प्रथिनाचं', म्हणजे पेशीच्या आत ओझी ओढत चालणाऱ्या प्रथिनाचं, पाऊल आठ मिलिमीटरचं असल्याचं छापलंय. घरातल्या काळ्या मुंगीलाही एवढी ढांग जमायची नाही, आणि हे म्हणे पेशीच्या आत चालतं! ते आठ नॅनोमीटर हो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले आठ. शेजारी चित्र मोटारीच्या इंजिनाचं, पिस्टनसकट. धन्य आहे.

छपाईची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण सासूबाईंना ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, गोळी चालू आहे. त्यांनी बातमी कात्रीने नीट कापली, घडी करून गोळ्यांच्या डबीत ठेवली आणि रात्रीची गोळी घ्यायला साफ नकार दिला. "मुंबईच्या पोराने शोध लावलाय ना, मग मी कशाला रोज विष गिळू?" मी समजावलं, यांनी समजावलं. त्यांचं एकच, "पेपरात आलंय." शेवटी डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा कुठे ऐकलं, तेही तोंड वाकडं करून. डॉक्टरांनी मला विचारलं, कुठला पेपर? आपलं नाव सांगताना संकोच वाटला.

माझी भाची याच विषयात पीएचडी करते, म्हणून थोडंफार कानावर असतं. रूप मलिक यांच्या गटाने दाखवलं ते असं : यकृताच्या पेशीत कायनेसिन चरबीचे थेंब ओढून नेतं आणि तिथून ती चरबी रक्तात जाते. उपाशीपोटी इन्सुलिन उतरतं, थेंबांवरचं कायनेसिन कमी होतं आणि चरबी यकृतातच अडकून राहते. प्रयोग उंदरांवरचे. दुकानात गोळी आल्याचं त्यात कुठेही नाही. आणि 'मोटार प्रथिनाचा शोध' त्यांनी लावलेला नाही. कायनेसिन १९८५ साली अमेरिकेत माकूळाच्या मज्जातंतूत सापडलं. ज्यांना २०१४ मध्येच विज्ञानाचा भटनागर पुरस्कार मिळाला, त्यांना आपण 'होतकरू तरुण' म्हटलंय, तेही असो.

खरी गंमत आपण छापलीच नाही. डायनीन नावाची दुसरी मोटार असते. लेसरच्या किरणांनी एक सूक्ष्म मणी चिमट्यासारखा धरून तो तिला ओढायला लावला, तर ओझं वाढेल तशी ती पावलं आखडती घेते, जिना चढणाऱ्या हमालासारखी. मलिक आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला होता. सासूबाईंनाही हे ऐकून मजा वाटली.

शुद्धिपत्र छापाल ही अपेक्षा. चरबीची बातमी पहिल्या पानावर होती, तेव्हा तेही तिथेच यावं. नवव्या पानावर टेंडर नोटिशींच्या खाली नको.

जाता जाता : भाचीची फेलोशिप कित्येक महिने जमा झालेली नाही. कार्यालयात फोन केला की 'फाइल वर गेली आहे' एवढंच कळतं. घरभाडं तिचे वडील भरतात. विज्ञानाची बातमी हवीच असेल, तर एखादा बातमीदार त्या फाइलीच्या मागे लावा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)