सलाईनची नळी वेळेवर काढावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाला सलाईन लावताना शीर सापडेपर्यंत सगळे नातेवाईक काळजीने पाहत उभे असतात. मात्र ती नळी पुढे कशी सांभाळली जाते आणि वेळेवर काढली जाते की नाही, इकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. सोलापुरात परिचारिका म्हणून सेवा करून निवृत्त झाल्यावरही ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

शिरेतून द्यायचे औषध बंद झाले तरी ‘पुन्हा लागली तर असू द्या’ म्हणून इंट्राकॅथ (शिरेत घातलेली ही नळी) हातातच ठेवले जाते. परत टोचायला नको, ही घरच्यांची माया मी समजू शकते. पण त्या नळीमुळे जंतूंना थेट रक्तात शिरायला वाट राहते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांमध्ये ही नळी ७२ ते ९६ तासांच्या आत केवळ नियम म्हणून बदलण्याची गरज नाही, आणि हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. परंतु गरज संपताच नळी ताबडतोब काढावी, असेही त्याच सूचनांत सांगितले आहे.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, घामाने चिकटपट्टीच्या कडा सुटतात, नळी आत-बाहेर हलते आणि शीर सुजते. अशा वेळी वरून आणखी एक पट्टी न चिकटवता ओली पट्टी काढून, त्वचा स्वच्छ व कोरडी करून नवी लावावी आणि नळी घातल्याची तारीख व वेळ तिच्यावर पुन्हा लिहावी. जागा लाल होणे, ठणकणे, सुजणे किंवा शीर दोरीसारखी कडक लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास नातेवाईकांनी लगेच सिस्टरला बोलवावे. सलाईन थांबले म्हणून स्वतः सलाईनच्या नळीवरचे चाक फिरवून वेग वाढवू नये. नळी काढल्यावर निर्जंतुक बोळ्याने दोन-तीन मिनिटे, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास त्याहून अधिक वेळ, दाबून धरावे. नळी अखंड बाहेर आली आहे, हेही पाहावे.

एकट्या सिस्टरवर अख्खा वॉर्ड सोपवून प्रत्येक पाळीत प्रत्येक हात तपासण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, त्यामुळे रिक्त पदे भरलीच पाहिजेत. तोपर्यंत डॉक्टरांनी निदान एवढे करावे, की शिरेतून द्यायचे औषध बंद केल्याची नोंद करतानाच नळी काढण्याची सूचनाही लिहावी, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला त्यासाठी सकाळच्या राउंडची वाट पाहावी लागणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर