सोबत रबर पाठवलंय

वडगाव, बेळगाव
मंगळवार, रात्र

चि. संदीप,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळच्या कदंबाच्या बसनं पोतं पाठवतोय. कंडक्टर गोव्यात साखळीच्या स्टँडवर उतरवून देतो म्हणालाय, तू वेळेवर जा. आत आपल्या ओम्नीच्या पुढच्या काचेचं रबर आहे, मागच्या डिकीचं रबर आहे, काळ्या सीलंटची एक ट्यूब, पांढरी नायलॉनची दोरी आणि आईचा डबा. डबा सरळ धर, लोणच्याचं तेल गळतंय. "या घरात सगळंच गळतंय," म्हणाली ती. मंगाईच्या जत्रेला आला नाहीस त्याचा राग अजून आहे, माझा नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. रविवारी तू म्हणालास मॅट भिजतेय, पायाखाली पचपचतंय. ते ऐकलं. त्याच्यानंतर जाता जाता म्हणालास की घाटात कणकुंबीच्या पुढं धुकं होतं, पाऊस थांबेना, मोबाईल चार्जिंगला लावून इंजिन चालू ठेवून गाडीतच तासभर झोपलो. तेही ऐकलं. त्यावर काही लिहायचं नाही असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. पाण्याचंच लिहितो.

पहिल्यांदा ट्यूब फोडू नकोस. सगळ्यांची तीच घाई. ओल दिसली की लावली ट्यूब, आणि चार दिवसांनी दुसरीकडून पाणी. आधी मॅट उचल, खालचा नमदा बाहेर काढ. वरून मॅट सुकलेली दिसते आणि नमदा आठवडाभर पाणी धरून बसतो, पत्रा खातो तो तिथंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गल्लीत पाणी शिरलं तेव्हा आपली ओम्नी दोन दिवस पाण्यात उभी होती. त्या वेळी मी नमदा काढला नाही, वरून पुसून घेतलं. ड्रायव्हरच्या बाजूला पत्रा फुगलाय तो माझ्या त्या आळसाचा. खालची रबरी बुचं पण बघ, एखादं तेव्हाच गेलेलं असणार.

मग पाणी मारून बघ. दोन माणसं लागतात, एक आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. जोराचा फवारा नको, नळाची साधी धार. खालून सुरू कर आणि वर जा. वरून सुरू केलंस तर पाणी सगळीकडून ओघळणार आणि भोक कुठलं ते कळायचंच नाही. एकेका जागी पाच मिनिटं थांब. आत कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर फुंकरून ठेव, थेंब आला की पावडरीत रेघ उमटते आणि त्या रेघेच्या मागं मागं वर जायचं. पाणी शिरतं एकीकडं आणि पडतं दुसरीकडं. छताच्या पन्हळीतून शिरलं तर अस्तराच्या वरनं सरकत खांबातून खाली येतं आणि तुझ्या पायाशी टपकतं. तू पायाशी ट्यूब लावत बसशील.

तुला आठवतं का, तू शाळेत होतास. मी पाइप धरायचो आणि तू आत बॅटरी घेऊन बसायचास. शेजारच्या कानडी पोरांकडून शिकला होतास, "आप्पा, बंतु! बंतु!" म्हणून असा ओरडायचास की गल्ली बाहेर यायची. पाणी आलं याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा पाणी आलंच नाही तरी ओरडलास. मी अर्धं छत खरवडलं, तेव्हा हसत सांगितलंस. मारलं होतं मी तुला. मारायला नको होतं.

तर पन्हळ. कॅरिअरचे क्लँप जिथं आवळलेत तिथं सांध्याचा मसाला फुटलेला असणार. क्लँप काढून खरवड आणि तिथं ही काळी ट्यूब भर. बाथरूमचं सिलिकॉन नको, ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते. त्याच्या आंबटानं पत्रा गंजतो, वरून छान दिसतं आणि आत पापुद्रे सुटतात. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते खाली निघून गेलं पाहिजे. गाडी वळवताना दारात पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का बघ. येत असेल तर खराट्याची काडी घालून मोकळं कर, एवढंच.

पुढच्या काचेचं काम मात्र एकट्यानं करू नकोस. जुनं रबर दगड झालंय, ते कापूनच निघेल. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराखाली गंज असणार. तो घासून रेडऑक्साईड मारून पूर्ण वाळू दे, ओल्यावर रबर चढवलंस तर सगळी मेहनत फुकट. नवं रबर आधी काचेवर चढवायचं. मग पत्र्याची धार ज्या खाचेत बसते, त्या खाचेत दोरी फिरवायची, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकावर एक घेऊन आत सोडायची. साबणाचं पाणी लाव. बाहेरचा माणूस तळव्यानं काच दाबणार, आतला हळूहळू दोरी ओढणार, म्हणजे रबराची पाळी आपोआप पत्र्यावर चढते. घाई केली की काच कोपऱ्यात तडकते. पहिली काच मी तशीच घालवली. आईला कंपनीचा दोष म्हणून सांगितलं होतं, तिला अजून खरं माहीत नाही, सांगू नकोस.

आता डिकी. डिकीच्या रबराला, उजव्या कोपऱ्यात, बोटभर चीर आहे. मला माहीत होती, लावतो लावतो म्हणून राहिली. तू फ्रीजच्या गॅस्केटला नोट अडकवून बघतोस ना, तसंच इथं. डिकी बंद करून नोट ओढ, सहज निघाली तर तिथून पाणी जातं.

आणि धूरही जातो.

लिहिणार नव्हतो. पण सायलेन्सर मागं सुटतो आणि चीर मागं आहे. शिवाय ओम्नीचं इंजिन कुठं आहे? आपल्या बुडाखाली! सीट उचलली की इंजिन. त्या झाकणाचं रबर तरी कुठं धड राहिलंय? चालत्या गाडीत वारं असतं. उभ्या गाडीत, काचा वर आणि इंजिन चालू, म्हणजे आत काय साठतं ते तुला कळायचं नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं आपण दमलोय. तात्यांच्या खोलीतली ती शेगडी आठव. थंडी होती, दार लावून घेतलं होतं. पुढचं लिहीत नाही.

बघ, आलोच शेवटी तिथं. तुला वाटेल, म्हातारा पाण्याचं निमित्त करून भाषण ठोकतोय. चुकलं. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, रात्री दोनला हॉटेलवाल्याचा फोन आला तर कोल्डरूम चालू करून येतोस. मागल्या गल्लीत मी सांगत फिरतो हे तुला माहीत नसेल. "माझा पोरगा काय करतो ते इंजिनिअरला जमत नाही," असं म्हणतो. थोडं जास्त होतं ते.

आणि ते भंगार मी गाडीला म्हणालो होतो. तू स्वतःवर घेतलंस आणि चावी उचलून गेलास. २००६ साली दोन माग विकून ती गाडी घेतली. तुझी आई तीन दिवस बोलली नव्हती. अकरा पोरं भरून शाळेला सोडायचो (आता कुणी सोडून देईल का!), पावसात मागच्या सीटवरची पोरं छत्री उघडून बसायची. पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांचं पासिंग करून आणलं ते मीच, विकायची असती तर आणलं असतं का? पण या पावसात ती घाटात जाते, तेव्हा मला झोप लागत नाही. जांबोटी सोडलं की रेंज जाते. साखळीला पोचल्याचा तुझा फोन येईपर्यंत मी बाहेर कट्ट्यावर बसतो. पावसाला आत बसतो.

झोप आली तर झोप, मी नको म्हणत नाही. पण किल्ली काढून खिशात. दोन्ही बाजूची काच चार बोटं खाली. भिजलास तर भिज, मॅट परत वाळवता येते. मोबाईलला ती चार्जिंगची डबी घे, पैसे मी पाठवतो. आणि नवं रबर बसलं की गाडी आणखी बंदिस्त होईल, म्हणून तर जास्तच. हेही परत लिहिलं.

दोरी परत पाठव, ती मागाची आहे.

तुझा
आप्पा

ता.क. डिकीचं रबर दुकानात दोनदा मोजून घेतलंय. तरी वितभर जास्त निघालं तर लगेच कापू नकोस, आधी सगळीकडं ठोकून बसव. कापायचंच झालं तर फोन कर. रात्री केलास तरी चालेल, मी जागाच असतो.