संख्येचा गुण कोणता, संकेत कोणता?

महोदय,

राष्ट्रीय गणित दिनानिमित्त आमच्या भागातील एका शाळेत भरलेल्या प्रदर्शनात 'विशेष संख्या' या फलकावर १७२९, १०२४ आणि ६१७४ या तिन्ही संख्या शेजारी-शेजारी लिहिलेल्या पाहिल्या. मुलांची मेहनत मनापासून आवडली. मात्र या तिघींचे वेगळेपण एकाच जातीचे नाही, हे त्यांना सांगायला हवे होते, असे गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला तीव्रतेने वाटले.

१ व १२ यांच्या घनांची बेरीज १७२९ येते आणि ९ व १० यांच्या घनांचीही तेवढीच येते. संख्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहा वा ० आणि १ या दोनच अंकांच्या द्विमान पद्धतीत, हा गुण तिला सोडत नाही. १०२४ हा दोनाचा दहावा घात आहे, हेही तसेच. परंतु संगणकक्षेत्रात तिला 'किलो', म्हणजे एरवी हजार दाखवणारा उपसर्ग, लावणे हा निव्वळ सोयीचा संकेत होता आणि हजाराशी गल्लत होऊ लागल्यामुळे १९९८ मध्ये तिच्यासाठी 'किबी' हा निराळा उपसर्ग ठरवावा लागला. यादीतील पहिल्या घटकाला 'सी' या संगणकाच्या भाषेत शून्य क्रमांक असतो, हाही संकेतच. पण त्यामागे कारण आहे, कारण तो क्रमांक सुरुवातीपासूनचे अंतर सांगतो. आपल्या इमारतींत तळमजल्यानंतरच 'पहिला' मजला येतो, हे पाहत वाढलेल्या मुलाला ते चटकन उमगते.

६१७४ चे प्रकरण मात्र नाजूक आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांची ही संख्या, त्यामुळे पुणेकरांना तिच्याविषयी जिव्हाळा असणारच. ३५२४ घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते आणि पुढे तीच येत राहते. हीच कृती मी नातीला अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून आणि हातचा दहाऐवजी आठाचा धरून, करायला लावली. तेच ३५२४ अंक घेऊन तिला ३०६५, ६१५२, ५२४३ मिळाले आणि पुन्हा ३०६५! वजाबाकी कुठे थांबेचना, म्हणून तिने दोनदा पडताळून पाहिली. म्हणजे ६१७४ चा गुण खरा आहे, पण तो दहाच्या पायाला, म्हणजे दशमान पद्धतीला, बांधलेला आहे. कापरेकरांची थोरवी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

पुढील वर्षी त्या फलकाखाली ही दुसरी वजाबाकीही मुलांकडून करून घ्यावी, अशी शहरातील गणित शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, पुणे