तीन सदस्य जमत नाहीत म्हणून मुलगी टांगणीला : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने, म्हणजे निराधार आणि छळ झालेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीने, आमच्याकडे प्रतिपालकत्वात (दत्तक न घेता तात्पुरत्या सांभाळात) असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला दत्तकासाठी मोकळे करण्याचे प्रकरण पुन्हा पुढे ढकलले. कारण काय, तर सदस्य पुरेसे नव्हते. अंतिम निर्णयाला किमान तीन जण हजर लागतात. रिक्त पदे पावसाळ्याआधी भरू, असे आम्हाला तोंडभरून सांगितले गेले होते. पावसाळा कधीच सरला.

ही मुलगी आली तेव्हा तिच्या पाठीवर चटक्यांचे डाग होते. डॉक्टरांनी ते लिहून घेतले, पोलिसांत नोंद झाली. आजही दारावरची बेल वाजली की ती हातातला खेळ टाकते, चपला घालते आणि पिशवी मांडीवर घेऊन बसते. आपल्याला न्यायला कुणी आले, असे तिला वाटते. शेजारीण आली तरी हेच. बापाच्या भेटीसाठी ऑफिसात नेले की ती भिंतीला चिकटून उभी राहते, तोंडातून शब्द काढत नाही. अहवालात लिहिले जाते, 'भेट शांततेत पार पडली.' तो अहवाल वाचून मी रात्रभर जागी होते. भीतीने गप्प झालेल्या पोरीला तुमची माणसे शांत म्हणतात!

वर्षभर पालक फिरकला नाही तर मूल दत्तकासाठी मोकळे करण्याचा विचार होतो. हे त्या बापाला कुणीतरी नीट समजावलेले दिसते. वर्ष भरत आले की तो उगवतो, दहा मिनिटे बसतो आणि जातो. लगेच 'पालकाला आणखी एक संधी'. पोरीच्या संधीचे काय?

कोर्टात दत्तकाची प्रकरणे रखडतात म्हणून २०२१ मध्ये बाल न्याय कायदा बदलला. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. पण समितीने मूल दत्तकासाठी कायदेशीर मुक्त ठरवल्याशिवाय फाइल तिथवर पोचतेच कुठे? अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये त्यासाठी मुदत घातली आहे : दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिने, त्यापुढच्याला चार. मारणारा बाप हयात असलेल्या मुलाने किती थांबायचे? कलम ३ मध्ये मुलाची सुरक्षितता हे तत्त्व म्हणून लिहिले आहे. आमच्या तारखांना ते कुणी उच्चारलेलेही मी ऐकले नाही.

२०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुले दत्तक गेली म्हणून सरकारने पाठ थोपटून घेतली. तीस हजारांहून जास्त पालक रांगेत उभे आहेत आणि बालगृहांत मुले मोठी होत आहेत. मधे अडकले आहे ते तुमचे खाते. मुलाच्या बाजूने निर्णय घेतला आणि उद्या बापाने अपील केले तर, या धास्तीने सही टाळली जाते. निर्णय न घेतल्याबद्दल मात्र कुणाला साधी नोटीसही जात नाही. शेतीच्या वादासारखी तारीख पे तारीख इथे चालवू नका, पोरगी वाढते आहे.

समितीची पदे भरा. हयात पालकाला अयोग्य ठरवण्याच्या चौकशीलाही मुदत घाला. भेटीच्या वेळी बालमानसतज्ज्ञ हजर ठेवा आणि अहवाल त्यांच्याकडून लिहून घ्या.

आमची पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. त्या दिवशी तीन सदस्य हजर राहतील, एवढी व्यवस्था आजच करा.

आपली,
एक प्रतिपालक आई